उतरतो की उतरते

नदी पुरुष असू शकत नाही, एवढी साधी गोष्ट हिंजवडीतल्या एका काचेच्या इमारतीत बसलेल्या राकेशला समजावण्यात जया मेश्रामचे तीन दिवस गेले.

"मॅम, ओरिजिनलमध्ये मेल व्हॉइस आहे. क्लायंटला सेम फील पाहिजे," राकेश फोनवर सांगायचा.

"इंग्रजीत असेल. मराठीत 'मी' म्हटलं की पुढे 'उतरतो' येतं, नाहीतर 'उतरते' येतं. तिसरं काही नाही."

"मग न्यूट्रल ठेवा ना, मॅम."

"न्यूट्रल म्हणजे 'मी उतरतं'? नदी आहे ती राकेश, पाळण्यातलं लेकरू नाही."

राकेश 'क्लायंटला विचारतो' म्हणायचा आणि दुसऱ्या दिवशी तेच उत्तर घेऊन यायचा. शेवटी जयाने हात टेकले. पुरुषाचा आवाज तर पुरुषाचा आवाज. नदी म्हणेल 'मी उतरतो'. ज्याला हसायचं त्याने हसावं.

ही गोष्ट २००५ च्या एप्रिलमधली. परदेशी वाहिन्यांना तेव्हा नुकताच मराठीचा उमाळा आला होता, आणि असले माहितीपट मराठीत आणायची कामं आयटी पार्कातल्या कंपन्यांमार्फत फिरत फिरत जयाच्या स्टुडिओपर्यंत पोहोचत. कसबा पेठेत, तांबट आळीला लागून, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. एका खोलीत कॉम्प्युटर आणि जया. दुसरीत स्पंज ठोकलेला बूथ, म्हणजे एक माइक, एक खुर्ची, बोलणाऱ्याला चित्र दिसावं म्हणून छोटा पडदा, आणि मध्ये जाड काच. खाली दिवसभर तांब्याच्या घागरींवर हातोडे पडायचे, त्यामुळे रेकॉर्डिंग दुपारी एक ते चार या वेळातच. तेवढा वेळ हातोडे आडवे होत, आणि हातोडेवालेही.

माहितीपट होता हिमालयातल्या एका नदीचा. हिमनदीच्या पोटातून निघून मैदानापर्यंतचा तिचा प्रवास, आणि तो नदी स्वतः सांगते. चित्रं अप्रतिम होती. निळसर बर्फ, बर्फाला पडलेली काळी भेग, त्या भेगेतून येणारी पाण्याची पहिली बारीक धार. संहिता मात्र जयाच्या डोक्यात जायची. दर दोन वाक्यांना 'अनादि' आणि 'स्पंदन'. भाषांतर तिनेच केलं होतं आणि ते करताना तिने दोनदा पेन फेकून दिलं होतं.

आवाजासाठी तिने उत्तरेश्वर बिराजदारांना बोलावलं. वय बासष्ट. मूळचे उस्मानाबादकडचे. आयुष्य रेडिओवर बाजारभाव आणि श्रुतिका वाचण्यात गेलेलं, आणि आवाज असा की वांग्याचे भाव वाचले तरी माणसाने हातातलं काम थांबवावं. बायको वारलेली, मूलबाळ नाही. धायरीला फ्लॅटमध्ये एकटे राहत. एरवी ते कामाला लगेच हो म्हणत नसत. या वेळी मात्र नदीचं नाव ऐकल्यावर ते तारखाही न विचारता म्हणाले, "येतो."

चार रिळं, चार दिवस. सोमवार ते गुरुवार. गुरुवारी पाचला काम राकेशच्या हातात.

सोमवारी पहिलं रीळ झालं. बिराजदारांनी छान वाचलं. जयाने हेडफोनवर शब्द न् शब्द ऐकला. पावणेचारला ते पाणी प्यायला बाहेर आले, तिने झालेलं पहिल्यापासून लावलं, आणि दुसऱ्याच वाक्याला थांबवलं.

'हजार वर्षांची झोप मोडून मी निघाले.'

"बिराजदार, 'निघालो' आहे इथे."

"'निघालो'च म्हणालो मी."

"ऐका." तिने परत लावलं. त्यांचाच भरदार आवाज. 'मी निघाले.'

बिराजदार स्पीकरकडे बघत राहिले. "परत घेऊ," एवढंच म्हणाले.

परत घेतलं. या वेळी जयाने काचेतून त्यांच्या ओठांवर नजर ठेवली. ओठांचा गोल झाला, हेडफोनमध्ये 'लो' स्वच्छ ऐकू आलं. मग परत लावून बघितलं, तर 'निघाले'. तिसऱ्यांदा तेच. चौथ्यांदा खाली पहिला हातोडा पडला आणि तिचा संयम संपला.

"घरी जा तुम्ही. मी बघते."

सॉफ्टवेअर बिघडू शकतं, आवाज चिरकतो, मागे-पुढे होतो, हे तिला माहीत होतं. पण सॉफ्टवेअर व्याकरण बदलत नाही. तिने फार विचार केला नाही. राकेशचे दोन फोन येऊन गेले होते. तिने शाबूत राहिलेल्या एका 'झालो'मधला 'लो' कापला आणि 'निघा'ला जोडला. असे अकरा 'लो' त्या संध्याकाळी तिने शिवले, एखाद्या शिंप्यासारखे, आणि प्रत्येक 'लो'ला राकेशच्या नावाने एकेक शिवी हासडली.

मंगळवारी दुसरं रीळ. नदी घळीत शिरते, दगडांवर आपटते, दोर बांधलेल्या लाकडी पुलाखालून जाते. एप्रिलच्या दुपारी तो बूथ म्हणजे भट्टी असायची. पंख्याचा आवाज येतो म्हणून पंखा नाही. चांगले चांगले नट तिथून बनियनवर बाहेर यायचे. बिराजदार बाहेर आले तेव्हा त्यांचे दात वाजत होते.

"ताई, शाल आहे का एखादी?"

"शाल? बेचाळीस डिग्री आहे बाहेर. ताप आलाय का?"

तिने त्यांच्या मनगटाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. बर्फाच्या लादीवर ठेवलेल्या मासळीला हात लागावा तसं वाटलं. तिने खाली जाऊन चहा सांगितला आणि वर येऊन रीळ लावलं. 'लो' आणि 'ले' तपासायची मनाची तयारी करूनच बसली होती. तसं काही निघालं नाही. घळीचं वर्णन संपलं, पुलाचं आलं, आणि मग संहितेत दोन सेकंदांची मोकळी जागा होती, तिथे बिराजदारांच्या आवाजात, पण हलकेच, कुणी घरातल्या माणसाशी बोलावं तसं ऐकू आलं...

'तुम्ही म्हणालात, एक पाऊल मागे हो. मी झाले.'

जयाचं डोकंच फिरलं.

"हे काय आहे? संहितेत आहे हे? तुम्हाला श्रुतिका करायची असेल तर सांगा, मी दुसरा माणूस बघते. आधीच त्या नदीचं मला पुरे झालंय, त्यात तुम्ही स्वतःची वाक्यं..."

ती बोलता बोलता थांबली. बिराजदार खुर्चीच्या पाठीला धरून उभे होते. चहाचा कप त्यांच्या हातात कलंडला होता आणि चहा पायावर सांडत होता, तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

"परत लावा," ते म्हणाले.

तिने लावलं. ते खाली बसले.

"ब्याण्णव साली गेलो होतो आम्ही," ते म्हणाले. "यात्रा कंपनीबरोबर. कालच्या रिळात ती काळी भेग दिसते ना, तिथेच. लोक तिथपर्यंत चालत जातात. मी नवा कॅमेरा घेतला होता. सुशीलाचा हात धरून बर्फावरून नेलं, उभी केली, हात सोडला. मागची भेग चौकटीत येईना. मी म्हणालो, एक पाऊल मागे हो..."

खाली कुणीतरी घागर सरकवली, तिचा घणघणाट झाला.

"पाय घसरला, असं सांगितलं मी सगळ्यांना. पोलिसांना, तिच्या भावांना. तेरा वर्षं तेच सांगतोय. मी काय म्हणालो होतो, ते तिला माहीत आणि मला. तिसऱ्या कुणाला नाही, ताई. सापडली नाही ती. बर्फाच्या पोटात गेलेलं कधी वर येतं, कधी येत नाही."

जया ज्या घरात वाढली तिथे भूतपिशाच्चाला जागा नव्हती. भंडाऱ्याला तिच्या वडिलांनी, भीमराव मेश्रामांनी, बावीस प्रतिज्ञा भिंतीवर लावल्या होत्या आणि चारही मुलांकडून पाठ करून घेतल्या होत्या. माणूस मेला की मेला. मनात ओझं असलं की तोंडातून नको ते निघतं, आणि निघालेलं आठवत नाही. असंही होत असेल. तिने स्वतःला तसं बजावलं. पण तिला त्यांची दयाही आली, आणि दया आल्याबद्दल स्वतःचा रागही आला, कारण काम अजून निम्मं बाकी होतं.

"उद्यापासून दुसरा कुणीतरी बघते मी," ती म्हणाली. "तुम्हाला त्रास नको."

"नको." त्यांनी तिचा हातच धरला. तो अजून गार होता. "ती खाली उतरतेय, ताई. कालच्यापेक्षा आज जवळ होती. अर्ध्या वाटेत नका ठेवू तिला."

"बिराजदार, आमच्याकडे श्राद्ध घालत नाहीत. माझ्या स्टुडिओत तरी घालू नका."

ते हसले. सोमवारपासून पहिल्यांदाच. आणि जया 'नाही' म्हणू शकली नाही. खरं सांगायचं तर दोन दिवसांत दुसरा आवाज मिळणारही नव्हता.

बुधवार शांत गेला, आणि तेच तिला जास्त खुपलं. एकही जास्तीचं वाक्य नाही. 'लो' सगळे जागच्या जागी. फक्त पाण्याचा आवाज फार. माहितीपटातल्या पाण्याचा आवाज वेगळ्या पट्टीवर, म्हणजे वेगळ्या ट्रॅकवर असतो. जयाने तो पूर्ण बंद केला. पाणी वाहतच राहिलं. तिने बिराजदारांच्या माइकची पट्टी एकटी लावली. त्यांच्या शब्दांमागे, श्वासांमागे, त्या स्पंज ठोकलेल्या कोरड्या खोलीत पाणी वाहत होतं. आधी दूर. रिळाच्या शेवटी इतकं जवळ की तिने नकळत पाय खुर्चीवर घेतले.

तेवढ्यात राकेशचा फोन आला. "मॅम, क्लायंट विचारतोय, एक दिवस आधी मिळेल का?"

"राकेश," ती म्हणाली, "फोन ठेव."

गुरुवारी बिराजदार दाढी करून, धुतलेला पांढरा शर्ट घालून आले. बरोबर घरची शाल होती. बूथमध्ये शिरताना त्यांनी मागे वळून सांगितलं, "काही झालं तरी संपेपर्यंत दार उघडू नका."

"का?"

"ती येईल ना आता. शेवटचं रीळ आहे."

नदी मैदानात आली होती. रुंद, संथ, गढूळ. बिराजदार वाचत होते आणि जया डोळे मिटून ऐकत होती. सकाळपासून मनाशी धरलेली भीती तिला हळूहळू वेडेपणाची वाटायला लागली. आवाज सुंदर लागला होता. 'आता मला घाई नाही,' नदी म्हणत होती. 'आता काठ माझे आहेत.'

'आता मला घाई नाही,' दुसरा आवाज म्हणाला.

बाईचा आवाज. थकलेला. आणि हा नंतर परत लावल्यावर आलेला नव्हता, आत्ता, हेडफोनमध्ये येत होता. जयाने डोळे उघडले. काच आतून धुरकटली होती. हिवाळ्यात बसच्या काचेवर वाफ धरते तशी, खालून वर. बिराजदारांची नुसती आकृती दिसत होती. ती उभी होती, आणि तोंड माइककडे नव्हतं, कोपऱ्याकडे होतं.

'किती लांब ठेवलंत मला...' बाई म्हणाली.

'ये,' बिराजदार म्हणाले. 'ये... ये अशी.'

मग बोलणं थांबलं. फक्त पाणी. भरत जाणाऱ्या हंड्याचा आवाज जसा चढत जातो तसा तो चढत गेला, आणि त्यात एक गुळणी केल्यासारखा, गुदमरल्यासारखा आवाज आला. जयाने तो ओळखला. लहानपणी वैनगंगेत बुडणाऱ्या माणसाला तिने ऐकलं होतं.

तिने दाराकडे धाव घेतली. दार आत उघडायचं. ते हलेना. पलीकडून कुणी रेटून धरलंय असं नाही, सगळ्या दारभर सारखाच दाब होता. "बिराजदार!" तिने खांदा लावला, मग पाय मागच्या भिंतीला टेकवून सगळा जीव लावला. दार एकदम सुटलं, ती आत पडली, आणि तिच्या अंगावरून गुडघ्यापासून डोक्यापर्यंत गारठा गेला. हाडापर्यंत. जिन्याच्या दिशेने, वाहत गेल्यासारखा. पाणी मात्र एक थेंब नव्हतं. जमीन कोरडी, कागद कोरडे. बिराजदार खुर्चीशेजारी पडले होते आणि त्यांचे ओठ जांभळे होते.

तांबट आळीतल्या दोघांनी त्यांना उचलून रिक्षात घातलं. दवाखान्यातल्या डॉक्टरने तासाभराने जयाला बाहेर बोलावलं.

"कुठे पडले हे? खडकवासल्याला?"

"कसबा पेठेत. दुसऱ्या मजल्यावर."

डॉक्टरने तिच्याकडे चिडून बघितलं. "बाई, माणूस बुडालेला आहे. छातीतून अर्धा लिटर पाणी काढलंय आम्ही. त्यात राखाडी गाळ आहे, दळल्यासारखा बारीक. आणि अंग इतकं गार की मी असं फक्त पुस्तकात वाचलंय. खरं सांगाल तर उपचार करायला बरं पडेल."

"मी खरंच सांगतेय," जया म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिचं खरं तिलाच थाप वाटलं.

संध्याकाळी राकेशचा फोन आला. "मॅम, गुड न्यूज. क्लायंट म्हणतो, फीमेल व्हॉइस चालेल."

जया दवाखान्याच्या पायरीवर बसली आणि इतकी हसली की पहारेकरी उठून बघायला आला. मग तिने राकेशला सांगितलं की काम दुसरीकडे द्या, आणि फोन बंद करून टाकला.

बिराजदार वाचले. तिसऱ्या दिवशी शुद्धीवर आले आणि जयाला पाहून त्यांनी तोंड फिरवलं.

"सांगितलं होतं तुम्हाला," ते म्हणाले. आवाज घोगरा झाला होता, फुटक्या मडक्यासारखा.

"तुम्ही मेला असता."

"माझं मी बघितलं असतं. दार बंद होतं तोवर ती आत होती, ताई. माझ्यापाशी. आता कुठे गेली, कुणाकडे गेली, मला काय माहीत?"

त्यानंतर ते तिच्याशी बोलले नाहीत. दवाखान्यातून परस्पर घरी गेले. जया चिडली, मग खजील झाली, मग पुन्हा चिडली. जीव वाचवलेल्या माणसाने निदान फोन तरी उचलावा. मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात, माइकमागे पडलेला त्यांचा चष्मा सापडला तेव्हा तिने ठरवलं, जाऊन हातात देऊन यायचा आणि विषय संपवायचा.

धायरीची ती इमारत भर उन्हात उभी होती. पहिल्या मजल्यावर एक बाई दारात पाय पसरून गहू निवडत होती. बिराजदारांचं नाव काढताच ती उठली.

"वरचे? त्यांच्याकडं आलाय व्हय? बरं झालं. मी सुंदराबाई. जरा आत या, दाखवते तुम्हास्नी."

स्वयंपाकघराच्या छताला ओलीचा मोठा डाग पडला होता. त्याच्या मधोमध थेंब धरत होता आणि खाली मोठ्या पातेल्यात पडत होता. पातेल्यात झाकण घातलेली दुधाची किटली उभी होती.

"इमारतीला पाणी न्हाय. टँकर येतो दोन दिसांनी, सगळे बादल्या घेऊन भांडतात," सुंदराबाई म्हणाली. "आन् यांच्याकडं दिवसभर पाणी चालू. आणतात कुठनं? वर जाऊन सांगावं तर ते स्वतः दार उघडत न्हाईत. बायकोच बोलते आतनं."

जयाच्या हातातला चष्मा तिच्या बोटांना टोचला. "कोण बोलते?"

"त्यांची बायको हो. सुशीलाबाई. गावाला होती म्हणं लई वर्षं. बाई गरीब हाय, आवाज एवढुसा. पण त्यांना म्हणून काय बोलू देत न्हाई. आधी सारखं वाचत बसायचे मोठ्यानं, आता चकार शब्द न्हाई." ती वाकली आणि तिने किटली उचलून जयापुढे धरली. "भांडण करणार हुते मी. पर म्हटलं, जाऊ दे. फ्रिज बंद करून टाकला बघा. हात लावा की."

किटलीला बाहेरून बर्फाचा पातळ पापुद्रा धरला होता. मे महिन्यात, दुपारी दोन वाजता.

"मी... मी नंतर येईन," जया म्हणाली.

तिच्या तोंडून एवढे शब्द निघाले, आणि छतातून पडणारं पाणी थांबलं. दोघींनी वर बघितलं. वरच्या फरशीवर कुणीतरी हळूहळू चालत होतं, स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीकडे, तिथून दाराकडे. कडी काढल्याचा आवाज आला.

"बघा," सुंदराबाईचा चेहरा खुलला. "महिना झाला, उंबरा वलांडला न्हवता बाईनं. तुमचा आवाज वळखला वाटतं. थांबा की, खाली यायलीया."